सेल कल्चर लेबलिंगमध्ये सिरम, बीएसए वगैरे प्रोटीनचं काय करायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लॅबमध्ये दर वर्षी नवीन पोरं-पोरी येतात, कुणी एमएस्सीच्या डेझर्टेशनला, कुणी पीएचडीला, आणि दर वर्षी तेच प्रश्न येतात, कधी हूडसमोर, कधी चहाच्या टपरीवर, कधी रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर, "ताई, डाय टाकला पण काहीच दिसत नाहीये". मग मी विचारते मीडियात काय होतं, आणि उत्तर ठरलेलं, "नेहमीचंच". या नेहमीच्यातच सगळी गोम आहे, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवून मी झोपायला मोकळी. लेबलिंग म्हणजे सेलवर किंवा त्याच्या प्रोटीनवर डायची किंवा जड अमिनो ॲसिडची खूण लावणं, आणि मीडिया म्हणजे सेल ज्यात वाढतात ते द्रव.

प्रोटीन ॲडिटिव्ह म्हणजे नक्की कायकाय धरायचं?

सगळ्यात मोठा गडी म्हणजे एफबीएस, म्हणजे गाईच्या न जन्मलेल्या वासराच्या रक्तातलं सिरम, जे आपण डोळे झाकून १० टक्के घालतो. मग बीएसए, म्हणजे गाईचं अल्ब्युमिन, जे पावडर म्हणून वेगळं मिळतं. मग इन्सुलिन आणि ट्रान्सफेरिन, जे सिरमशिवायच्या मीडियात आयटीएस नावाच्या मिश्रणातून येतात. आणि एक छुपा गडी असतो, अँटीबॉडी किंवा ग्रोथ फॅक्टरच्या बाटलीत आधीच घातलेलं कॅरियर प्रोटीन, जे आपण घातलंय हे आपल्याला माहीतच नसतं. सेल्स सोडवताना घातलेलं ट्रिप्सिन आणि ते थांबवायला घातलेलं सिरम हेही यातच धरा, कारण नीट वॉश केलं नाही तर ते पुढच्या स्टेपला सोबत येतंच.

सेल्सना तर प्रोटीन लागतं, मग लेबलिंगला ते आडवं का येतं?

कारण आपलं लेबल हुशार नसतं. जो डाय प्रोटीनवरच्या अमीन ग्रुपला चिकटतो त्याला हे प्रोटीन सेलचं की गाईचं हे कळत नाही, दिसेल त्याला चिकटतो. दुसरं म्हणजे सिरम एकटं येत नाही, सोबत अमिनो ॲसिड, बायोटिन, फॅटी ॲसिड, हॉर्मोन असं सगळं वऱ्हाड घेऊन येतं, आणि तुम्ही जे लेबल दिलंय त्याचंच साधं, बिनलेबलचं रूप त्यात असतं. सेल दोन्ही खातो. शिवाय सिरममध्ये चालू एन्झाइम असतात, ते डाय सेलमध्ये शिरायच्या आधीच बाहेर फोडून मोकळे होतात. आणि अल्ब्युमिन हा तर शरीरातला हमालच आहे, तेलकट काही दिसलं की पाठीवर घेतो, मग तुमचा तेलकट डाय सेलच्या पडद्यात बसायचा तो याच्या पाठीवर बसून राहतो.

पण यातली प्रत्येक गोष्ट उलटी करून कामालाही लावता येते. जे प्रोटीन सुरुवातीला नको तेच शेवटी स्टॉप सोल्युशन म्हणून हवं असतं. म्हणून "प्रोटीन चांगलं की वाईट" असा प्रश्न मला विचारू नका, कुठल्या मिनिटाला घालायचं ते विचारा.

सीएफएसई लावताना सिरम कधी, किती?

आधी हा चमकणारा डाय कसा चालतो ते बघा. डाय आत शिरतो, सेलमधले एस्टरेज (एस्टर तोडणारे एन्झाइम) त्याचे दोन ॲसिटेट तोडतात, मग तो चमकायला लागतो, आणि त्याचं दुसरं टोक सेलच्या प्रोटीनच्या लायसिनला कायमचं चिकटतं. दर डिव्हिजनला चमक अर्धी होते, म्हणून किती वेळा सेल दुभंगला ते मोजता येतं, साधारण सात-आठ पिढ्यांपर्यंत. ही पद्धत लायन्स आणि पॅरिश यांनी कॅनबेरातून १९९४ मध्ये मांडली आणि आजही तशीच चालते.

आता हिशोब करा. एका मिलीत ५ मायक्रोमोलर डाय घेतलाय. त्यात १ टक्का बीएसए असेल तर ते मिलीला १० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १५० मायक्रोमोलर अल्ब्युमिन. एका बीएसएच्या रेणूत ५९ लायसिन, त्यातले निम्मे जरी बाहेरच्या बाजूला हाताशी धरले तरी साडेचार हजार मायक्रोमोलरच्या आसपास अमीन झाले. डाय ५ आणि गिऱ्हाईक साडेचार हजार! सेल्सच्या वाट्याला काय येणार, कप्पाळ?

म्हणून स्टेनिंग पीबीएसमध्ये (प्रोटीन नसलेलं खारट बफर), सिरमवाला मीडिया दोनदा नीट धुऊन. काही प्रोटोकॉलमध्ये पीबीएसमध्ये ०.१ टक्का बीएसए असतं, ते मुद्दाम असतं, थोडं प्रोटीन असलं की डाय एकदम अंगावर येत नाही आणि नाजूक लिम्फोसाइट मरत नाहीत. ते चालतं, पण मग दर वेळी तेवढंच ठेवा, आज ०.१ आणि उद्या अंदाजे चिमूटभर असं करू नका.

आणि थांबवायला मात्र सिरम सढळ हाताने. पाच पट थंडगार मीडिया १० टक्के एफबीएसवाला, पाच मिनिटं बर्फावर, की उरलेला मोकळा डाय सिरमचं प्रोटीन पिऊन टाकतं. हे नाही केलं तर डाय रेंगाळत राहतो, सेल जास्त भरतात आणि दुसऱ्या दिवशी निम्मे मेलेले दिसतात. एक बारीक गोष्ट, डाय सेल्सच्या पेलेटवर थेंबभर टाकून मग हलवू नका, आधी सेल्स नीट मोकळे करा, ट्यूब आडवी धरून डायचा थेंब कोरड्या भिंतीवर टाका आणि मग झाकण लावून एकदम उलटी-सुलटी करा, नाहीतर एकाच ट्यूबमध्ये दोन-दोन पीक येतात आणि तुम्ही ते डिव्हिजन समजून सरांना दाखवायला नेता.

लाइव्ह-डेड डाय फॅक्स बफरमध्ये लावला, सगळेच सेल जिवंत दिसतायत. इतकं छान कल्चर असतं का?

नसतं. फिक्सेबलवाला लाइव्ह-डेड डायही अमीनलाच चिकटतो, मेलेल्या सेलच्या आत शिरून आतल्या प्रोटीनला चिकटला की तो जास्त चमकतो, आणि फॅक्स बफरमध्ये (फ्लो सायटोमीटरवर सेल मोजताना वापरतो त्यात) आपण २ टक्के सिरम नाहीतर ०.५ टक्का बीएसए घालून ठेवलेलं असतं. डाय तिथेच संपला. हा डाय साध्या पीबीएसमध्ये, ट्रिस नको, अझाइड नको, प्रोटीन नको. मग वॉश, आणि मग अँटीबॉडी फॅक्स बफरमध्ये, तिथे मात्र प्रोटीन हवंच, कारण ते अँटीबॉडीला इकडेतिकडे चिकटू देत नाही आणि सेल ट्यूबच्या भिंतीला बसत नाहीत. एकाच दुपारी दोन बफर, बस. ट्यूबवर मोठ्या अक्षरात लिहा.

कॅल्सीन-एएमला अमीन लागत नाही, मग सिरम चालेल ना?

नाही हो. कॅल्सीन-एएम म्हणजे जिवंत सेल हिरवे चमकवणारा डाय, तिथे भानगड वेगळी आहे. एएम एस्टर म्हणजे डायवर घातलेला रेनकोट, तो सेलच्या आत गेल्यावर एस्टरेजनी काढायचा असतो म्हणजे डाय आत अडकतो. सिरममध्येही एस्टरेज आहेत, ते रेनकोट बाहेरच काढतात, मग डाय आत जात नाही आणि बाहेरचं पाणीच हिरवं चमकायला लागतं. मायक्रोस्कोपखाली काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके दिसण्याऐवजी सगळीकडे हिरवट धुकं दिसलं की समजा. फ्युरा-२, फ्लुओ-४ वगैरे कॅल्शियमच्या एएम डायनाही तेच लागू. लोडिंग सिरमशिवाय, नंतर मीडिया परत घातला तरी चालतो, फक्त इमेजिंगच्या वेळी फिनॉल रेड आणि सिरम दोन्ही बॅकग्राउंड वाढवतात एवढं लक्षात ठेवा.

पीकेएच किंवा डीआयआय?

हे तेलकट डाय, पडद्यात बसणारे. पीकेएच तर त्याच्या स्वतःच्या डायल्युएंटमध्येच लावायचा, त्यात मीठसुद्धा नसतं, पीबीएस थोडं जरी राहिलं तरी डायचे गोळे होतात, मग सिरमचं तर नावच काढू नका. आणि थांबवायला पुन्हा सिरम किंवा १ टक्का बीएसए, तोच हमाल उरलेला डाय उचलून नेतो. एक्सोसोमवाल्यांनी (सेल बाहेर सोडतात त्या बारीक पुड्यांवर काम करणाऱ्यांनी) जास्त जपायचं, कारण डायचे गोळे आणि एक्सोसोम साधारण एकाच साइजचे दिसतात. शिवाय एफबीएसमध्ये गाईचे स्वतःचे एक्सोसोम असतात, म्हणून तिथे रात्रभर अल्ट्रासेंट्रिफ्यूज केलेलं सिरम वापरतात, आणि फक्त डाय, सेल नाहीत, असा कंट्रोल न लावता कुणी एक्सोसोमचा फोटो दाखवला तर मी तरी विश्वास ठेवत नाही.

सिलॅकला डायलाइझ्ड सिरमच का? साधं चालत नाही का, ते किती महाग आहे!

हा प्रश्न पैशाच्या बाजूने येतो हे मला कळतं, गाइडनेही हाच विचारलेला असतो. सिलॅक म्हणजे सेल्सना जड लायसिन आणि जड आर्जिनिन खायला घालून त्यांची सगळी प्रोटीन जड करायची, मग हलक्या सेल्सबरोबर मिसळून मास स्पेकवर (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) तुलना करायची. मत्थियास मान यांच्या डेन्मार्कमधल्या ग्रुपने २००२ मध्ये ही पद्धत छापली. जड लायसिन म्हणजे साधारण ८ डाल्टन जास्त, जड आर्जिनिन १० जास्त.

डीएमईएम या मीडियात लायसिन सुमारे ८०० मायक्रोमोलर, आर्जिनिन सुमारे ४००. सिलॅकच्या मीडियात हे दोन्ही काढलेले असतात आणि आपण जड घालतो. आता साधं सिरम घातलं तर त्यातलं मोकळं, हलकं लायसिन येणारच. समजा १० टक्के सिरममधून फक्त ४० मायक्रोमोलर आलं. ८४० मध्ये ४०, म्हणजे जवळपास ५ टक्के. तुम्ही दहा पॅसेज (सेल वाटून नव्या प्लेटमध्ये हलवणं) करा नाहीतर वीस, लेबलिंग ९५ च्या वर जाणार नाही, कारण खाण्यातच ५ टक्के हलकं आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आरपीएमआय या दुसऱ्या मीडियात तर लायसिन मुळात २२० मायक्रोमोलरच, तिथे तेच ४० म्हणजे १५ टक्के झाले.

डायलाइझ्ड म्हणजे सिरम १० हजार डाल्टनच्या पिशवीतून काढलेलं, छोटे रेणू बाहेर, मोठी प्रोटीन आत. मोकळी अमिनो ॲसिड गेली की वरचा हिशोब सुटतो.

मग सिरमच्या मोठ्या प्रोटीनमध्ये लायसिन नसतं का?

हा प्रश्न एका मुलीने विचारला होता आणि मी दोन मिनिटं गप्प झाले होते, कारण हिशोब भीतीदायक आहे. एफबीएसमध्ये अल्ब्युमिन मिलीला साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, १० टक्क्याला दोन-अडीच, म्हणजे ३० ते ३५ मायक्रोमोलर, गुणिले ५९ लायसिन, झालं जवळजवळ २ मिलिमोलर! मीडियातल्या मोकळ्या लायसिनच्या दुप्पट हलकं लायसिन अल्ब्युमिनच्या पोटात बांधलेलं आहे आणि डायलिसिसने ते जात नाही.

सुदैवाने बहुतेक सेल्स, मोकळी अमिनो ॲसिड भरपूर असली की, या बंद पेटीला फारसा हात लावत नाहीत. पण काही लावतात. रॅस म्युटेशनवाले कॅन्सर सेल, विशेषतः पॅनक्रियाजचे, बाहेरचं पाणी घोटाघोटाने गिळतात आणि त्यातलं अल्ब्युमिन पचवून अमिनो ॲसिड काढतात, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. मॅक्रोफेजही गिळण्यात हुशार. असे सेल असतील, किंवा तुम्ही अमिनो ॲसिड मुद्दाम कमी ठेवली असतील, तर डायलाइझ्ड सिरम घालूनही लेबलिंग थोडं कमीच राहू शकतं, आणि मग त्या मुलाला "तू बाटली बदललीस का" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

लेबलिंग ९७ टक्के होत नाहीये. चूक कुठे शोधू?

पाच डबलिंगनंतर जुनं प्रोटीन नुसतं वाटलं जाऊन बत्तिसावा हिस्सा उरतो, म्हणजे ३ टक्के, सहानंतर दीड. म्हणून पाच-सहा डबलिंग म्हणतात. पॅसेज नाही हं, डबलिंग. एकास दोन स्प्लिट करून पाच पॅसेज आणि एकास आठ करून पाच पॅसेज यात खूप फरक आहे.

आता थोडे सेल पाचव्याला काढा आणि थोडे आठव्याला, दोन्ही चालवून बघा. आकडा वाढत असेल तर नुसता वेळ कमी पडला. आकडा जिथल्या तिथे अडकला असेल तर हलकं अमिनो ॲसिड कुठूनतरी सतत येतंय, आणि तेव्हा पहिला संशय सिरमवर.

माझं स्वतःचं सांगते. फ्रीझरमध्ये साधं आणि डायलाइझ्ड, दोन्हीचे ५० मिलीचे ॲलिकॉट, दोन्हीला निळं झाकण, दोन्ही सारखेच पिवळसर. नाव मार्करने लिहिलेलं आणि ७० टक्के इथेनॉल फवारून फवारून "डी" अक्षर पुसलं गेलेलं. पाचव्या डबलिंगला ९३, आठव्याला ९३. जड लायसिनच्या बाटलीवर शंका घेतली, वजनकाट्यावर घेतली, मास स्पेकवाल्या दादांवर पण घेतली, ते बिचारे दोनदा चालवून द्यायला तयार झाले. तीन आठवडे आणि अर्धी जड मीडियाची बाटली गेल्यावर एका संध्याकाळी मी ट्यूब उजेडात तिरकी धरली तर अक्षराचा नुसता ओरखडा दिसत होता आणि तो "डी" नव्हता. तेव्हापासून डायलाइझ्डला लाल इलेक्ट्रिकल टेप. मार्कर नाही, टेप.

डायलाइझ्ड सिरममध्ये सेल रुसतात, वाढतच नाहीत.

होतं असं. पिशवीतून १० हजारांखालचं सगळं जातं, त्यात इन्सुलिनही जातं, कारण ते जेमतेम ५८०० डाल्टनचं. ईजीएफही तसंच छोटं. काही सेल लाइनला काही फरक पडत नाही, काही मात्र पसरतात, हळू होतात, आणि प्रायमरी सेल तर तोंडच फिरवतात. उपाय म्हणजे आयटीएस घाला, लिटरला इन्सुलिन १० मिलिग्रॅम, ट्रान्सफेरिन साडेपाच आणि चिमूटभर सेलेनियम. "पण हेही हलकं प्रोटीनच ना?" हो, पण इन्सुलिन इथे दोनेक मायक्रोमोलरसुद्धा नाही आणि एका रेणूत लायसिन एकच, त्यामुळे ८०० समोर ते दर्यामें खसखस. आणि एकदम बदल करू नका, अर्धं साधं अर्धं डायलाइझ्ड असा एक पॅसेज जाऊ द्या, मग पूर्ण, आणि जड अमिनो ॲसिड त्यानंतरच सुरू करा म्हणजे महागाची बाटली रुसवे काढण्यात जात नाही.

आणि हो, हलक्या बाजूच्या सेल्सनाही डायलाइझ्डच. इथे कंजुषी करून हलक्यांना साधं सिरम दिलं तर तुम्ही औषधाचा परिणाम मोजत नाही, सिरमचा मोजताय.

प्रोलिनचे जादाचे पीक दिसतायत, हे पण सिरममुळे का?

नाही. सेल जड आर्जिनिनचं जड प्रोलिन करतात, हा त्यांचा उद्योग. लिटरला २०० मिलिग्रॅम साधं प्रोलिन घाला किंवा आर्जिनिन कमी करा. दर वेळी वड्याचं तेल वांग्यावर नको.

मेथिओनिनच्या जागी एएचए किंवा एस-३५ लावतोय, तिथेही डायलाइझ्ड?

तिथे तर जास्तच. एएचए हे मेथिओनिनचं तोतया रूप आहे आणि सेलचं एन्झाइम खऱ्या मेथिओनिनला शेकडो पट जास्त पसंती देतं. सिरममधून थोडं जरी खरं आलं तरी तोतयाला कुणी विचारत नाही. अर्धा तास मेथिओनिनशिवाय उपाशी ठेवा, मग डायलाइझ्ड सिरममध्येच लेबल द्या. कमी वेळाचा पल्स असेल तर सिरमशिवायही चालतं. एस-३५ चंही (किरणोत्सारी गंधक) तेच, फक्त त्याचं अर्धायुष्य ८७ दिवसांचं, आणि त्याला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, बिल्ला, वेगळं सिंक असा सगळा संसार लागतो, म्हणून आता बरेच जण एएचएकडे वळलेत.

एक मात्र, उपाशी ठेवणं फुकट नसतं. सिरम काढलं की सेल सायकल मंदावते, ऑटोफॅजी (सेलने स्वतःचंच पचवणं) वाढते, सिग्नलिंग बदलतं. सिरमऐवजी नुसतं बीएसए घातलं म्हणजे सिरम घातल्यासारखं झालं असंही नाही, बीएसए सेलला काही निरोप देत नाही.

बीएसएच्या चार बाटल्या आहेत, कुठली घेऊ? फ्रॅक्शन फाइव्ह म्हणजे काय?

नावाची गोष्ट मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी हार्वर्डमध्ये एडविन कोन यांनी रक्ताच्या प्लाझ्मातून थंड इथेनॉलने एकेक प्रोटीन वेगळं काढलं, जखमी सैनिकांना द्यायला अल्ब्युमिन हवं होतं म्हणून, आणि अल्ब्युमिन पाचव्या फ्रॅक्शनमध्ये आलं. आज पुष्कळ बीएसए हीट शॉकने काढतात, इथेनॉलचा तसा संबंध उरलेला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

ब्लॉकिंगला, फॅक्स बफरला साधी बाटली पुरे. फॅटी ॲसिडचं काही करत असाल तर फॅटी ॲसिड-फ्रीच, कारण साधं बीएसए आधीच पाठीवर गाईचं तेल घेऊन आलेलं असतं, आणि तुमच्या कार्बन-१३ पामिटेटमध्ये ते हलकं तेल मिसळलं की लेबलचा टक्का किती हे तुम्हालाच सांगता येणार नाही. सेल्सवर घालायचं असेल तर एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष) कमी असलेलं बघा, नाहीतर मॅक्रोफेज बीएसएलाच घाबरून ॲक्टिव्हेट होतात आणि पेपर निघतो भलत्याच गोष्टीवर.

पामिटेट बीएसएमध्ये विरघळत नाही, दह्यासारखं होतं!

थंड होतं म्हणून. सोडियम पामिटेट ७० अंशाला गरम पाण्यात स्वच्छ विरघळतं, आणि तिथून ते ३७ अंशाच्या बीएसएमध्ये थेंब थेंब, ढवळत ढवळत घालायचं. बीएसए फ्रिजमधून काढलेलं असेल तर पहिल्याच थेंबाला पांढऱ्या शेवया दिसतात, पिपेटच्या टोकालाही पांढरं गोठतं, आणि उलट बीएसएच ७० ला नेलंत तर ते शिजतं, अंड्याचं काय होतं ते आठवा. टिप आधी कोमट करून घ्या, हे कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये लिहीत नाहीत. झालं की उजेडात धरा, स्वच्छ पाहिजे, किंचित पिवळसर चालेल, दुधाळ नको.

प्रमाण म्हणाल तर एका अल्ब्युमिनवर लांब फॅटी ॲसिडच्या सात जागा धरतात, पण सगळ्या सारख्या घट्ट नाहीत. एकास सहा केलंत तर मोकळं पामिटेट बरंच राहतं आणि सेल मरतात, एकास दोन सौम्य. म्हणून "२०० मायक्रोमोलर पामिटेट दिलं" एवढंच लिहिणं अर्धवट आहे, बीएसए किती होतं ते लिहा. आणि कंट्रोलला तेवढंच नुसतं बीएसए, पाणी नाही.

सेल बाहेर काय सोडतात ते बघायचंय, पण सगळीकडे गाईचं अल्ब्युमिन.

सिरममध्ये सेक्रीटोम बघणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत कुणी कुजबुजलं ते ऐकणं. सिरमशिवायच्या मीडियात तीन वॉश, मग काही तास ते एक दिवस तसंच, आणि मेलेल्या सेलचा हिशोब सोबत, कारण उपाशी सेल फुटले तर आतलं सगळं बाहेर येतं आणि ते "सेक्रीट झालं" असं वाटतं. सिलॅक लावलं असेल तर एक फायदा, गाईचं प्रोटीन कायम हलकं असतं, त्यामुळे जडचा जोडीदार नसलेलं काही दिसलं की ते बहुतेक सिरमचं. पण माणसाचं आणि गाईचं अल्ब्युमिन सुमारे ७६ टक्के सारखं आहे, म्हणजे काही पेप्टाइड हुबेहूब, तिथे रेशो बिघडतो. सर्च करताना गाईच्या सिरमची प्रोटीन कंटॅमिनंट यादीत ठेवाच.

अँटीबॉडीला घरीच डाय लावला, सगळा डाय गेला कुठे?

बाटलीवर बारीक अक्षरात बघा, बीएसए किंवा जिलेटिन असणार. शंभर मायक्रोलिटरमध्ये अँटीबॉडी ०.१ मिलिग्रॅम आणि बीएसए १ मिलिग्रॅम, मग डाय कुणाला लागला? तुम्ही छान चमकणारं अल्ब्युमिन बनवलंत, अभिनंदन. कॅरियर-फ्री मागवा, ट्रिस आणि अझाइड काढून टाका, मग लावा. उलट ग्रोथ फॅक्टर नॅनोग्रॅममध्ये पातळ करताना मात्र ०.१ टक्का बीएसए घालाच, नाहीतर तो प्लॅस्टिकला चिकटून बसतो.

गोट प्राइमरी वापरली, बीएसएने ब्लॉक केलं, सगळं चमकतंय.

प्राइमरी म्हणजे आपलं प्रोटीन शोधणारी अँटीबॉडी, सेकंडरी म्हणजे त्या प्राइमरीला ओळखणारी चमकती अँटीबॉडी. गाय आणि शेळी नात्यातल्या आहेत. बीएसएच्या स्वस्त बाटलीत गाईचं आयजीजी (अँटीबॉडी) थोडं असतंच, आणि शेळीला ओळखणारी सेकंडरी गाईलाही ओळखते. मग तुमचं ब्लॉकिंगच स्टेन झालं. अशा वेळी डाँकी सिरमने ब्लॉक करा, किंवा आयजीजी-फ्री बीएसए घ्या. दूध तर अजिबात नको.

बायोटिनवाल्यांचं काय? टर्बोआयडी बायोटिन न घालताही लेबल करतंय.

करणारच, टर्बोआयडी म्हणजे शेजारच्या प्रोटीनना बायोटिन चिकटवणारं फार हावरट एन्झाइम आहे. डीएमईएममध्ये बायोटिन नाही, पण सिरममधून येतं, आणि आरपीएमआयमध्ये तर लिटरला ०.२ मिलिग्रॅम मुळातच आहे. न्यूरॉनच्या मीडियात घालतात त्या बी-२७ मध्येही आहे. डायलाइझ्ड सिरम आणि बायोटिन नसलेला मीडिया, निदान आदल्या दिवसापासून. सरफेस बायोटिनिलेशनला परत अमीनचा मामला, म्हणजे थंड पीबीएसने तीनदा धुऊन, प्रोटीन शून्य, आणि थांबवायला ग्लायसिन किंवा ट्रिस. ब्लॉट स्ट्रेप्टाव्हिडिनने बघणार असाल तर दुधाने ब्लॉक करू नका, दुधात बायोटिन असतं, बीएसए घ्या.

चमकतं ट्रान्सफेरिन देऊन एंडोसायटोसिस बघतोय, सिग्नल फिका.

एंडोसायटोसिस म्हणजे सेल बाहेरचं आत ओढतो ते. अर्धा तास सिरमशिवाय ठेवलंत का? आधीच रिसेप्टरवर बसलेलं ट्रान्सफेरिन उठून जायला तेवढा वेळ लागतो. त्या मीडियात ०.१ टक्का बीएसए ठेवा, म्हणजे चमकतं ट्रान्सफेरिन काचेला चिकटत नाही, आणि बीएसए ट्रान्सफेरिनच्या रिसेप्टरशी भांडत नाही. आयटीएस घातलेला मीडिया "सिरम-फ्री" म्हणून वापरलात तर त्यात ट्रान्सफेरिन आहेच, हे लोक हमखास विसरतात. खात्रीसाठी एका वेलमध्ये शंभर पट साधं ट्रान्सफेरिन घाला, सिग्नल मेला पाहिजे. नाही मेला तर तुम्ही रिसेप्टर बघत नाही, चिकटपणा बघताय.

सिरमचा लॉट बदलला तर परत सगळं करायचं?

सगळं नाही. पण एका प्रोजेक्टचं लेबलिंग एकाच लॉटमध्ये संपवा, नवीन लॉट आला की जुन्याशी शेजारी-शेजारी एक प्लेट, आणि लॉट नंबर वहीत. ५६ अंशाला अर्धा तास हीट इनॅक्टिव्हेट केल्याने कॉम्प्लिमेंट (सेल फोडणारी सिरममधली प्रोटीन) जातं, अमिनो ॲसिड किंवा बायोटिन जात नाही, त्यामुळे "इनॅक्टिव्हेट केलंय, आता चालेल" हे लेबलिंगला उत्तर नाही.

नवीन डाय आलाय, प्रोटोकॉलमध्ये सिरमबद्दल काहीच लिहिलेलं नाही. काय करू?

तीन वेल. एकात साधं पीबीएस, एकात ०.१ टक्का बीएसए, एकात १० टक्के सिरम. डाय, वेळ, सेल सगळं तेच. सोबत चौथं, सेलच नसलेलं, सिरम आणि डाय फक्त, प्लेट रीडरवर. चौथं चमकलं तर सिरम डाय फोडतंय किंवा पितंय. दुपारी दोनला लावा, चार वाजेपर्यंत उत्तर मिळतं, आणि मग मला मेसेज करताना निदान मीडियात काय होतं ते आधी लिहा.